दंड भरून घेतलेलं शिक्षण

ट्रकच्या नव्या ड्रायव्हरला स्टिअरिंग शिकवायला आपल्याकडे निदान एखादा वस्ताद असतो. फोन शिकवायला कुणीही नसतं. आणि आज गाडी जेवढी स्टिअरिंगवर चालते, तेवढीच फोनवर चालते. मालाबरोबर लागणारं ई-वे बिल फोनवर, टोलचा फास्टॅग फोनवर, लोकेशन फोनवर, माल कुठं आणि किती वाजता भरायचा ते फोनवर, पोचपावतीचा फोटो फोनवर, चलान फोनवर. यातलं काहीही चुकलं की पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून जातात. ज्याला कुणी काही शिकवलंच नाही, त्याच्याकडून चुकीचे पैसे वसूल करायचे, हा सरळ सरळ अन्याय आहे. तो तुळजापुरात राजरोस चालतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझं लातूर रोडला झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावाला लागून जातो, नागपूरकडे जाणारा ३६१ इथूनच निघतो, आणि नळदुर्गकडे उतरलं की पुणे-हैदराबाद रस्ता मिळतो. जालन्याची सळई, लातूरची पेंड आणि तेल, सोलापूरचा कांदा, गुलबर्ग्याकडचं सिमेंट, सगळं आमच्या दारावरून जातं. लोक नवी गाडी घेतली की आधी देवीला आणतात. काचेवर आईचं नाव लिहितात, बोनेटला हार घालतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. मग ती गाडी एखाद्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात देतात, त्याच्या फोनमध्ये दोन-तीन ॲप टाकतात, आणि म्हणतात, निघ. ॲपमध्ये काय दाबायचं, केव्हा दाबायचं, नाही दाबलं तर काय होतं, यावर पाच मिनिटंही कुणी बसत नाही. मग ती पोरं माझ्या दुकानात येतात.

असाच एक पोरगा आला. जालन्याहून विजयपूरला सळई घेऊन चालला होता. शनिवारी रात्री गावाच्या जवळ त्याची क्लच प्लेट गेली. रविवारी दुकानं बंद, सोमवारी सकाळी सोलापूरहून सामान आलं. मिस्त्री गाडीखाली शिरला तेव्हा हा दहाच्या सुमाराला माझ्याकडे आला.

"काका, एवढी प्रिंट काढून द्या. फोनची बॅटरी सारखी उतरायलीय, कुणी अडवलं तर हातात कागद पाहिजे."

मी ई-वे बिल उघडलं. मुदत रविवारी मध्यरात्री संपलेली.

"अरे, हे तर रात्री बाराला संपलंय."

"संपलंय म्हंजे? माल तर गाडीतच हाय की."

हे तो मनापासून म्हणाला, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं. बिल मालाचं आहे, माल गाडीत आहे, मग बिल संपेल कसं? त्या बिलाला घड्याळ असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. दर २०० किलोमीटरला एक दिवस. आधी हे अंतर १०० किलोमीटर होतं, १ जानेवारी २०२१ पासून ते २०० झालं, म्हणजे ड्रायव्हरच्या हातातला वेळ निम्मा झाला. बिलात गाडीचा नंबर पहिल्यांदा भरला की घड्याळ सुरू होतं, आणि पहिला दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री पूर्ण होतो. जालना ते विजयपूर चारशेच्या आत, म्हणजे दोन दिवस. शुक्रवारी बनवलेलं बिल रविवारी मध्यरात्री मेलं. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच. सोमवारी सकाळी आठला तीही संधी गेली होती. मिस्त्रीची वाट बघत हा तेव्हा टपरीवर चहा पीत बसला होता.

त्याच्या फोनमध्ये रविवारी संध्याकाळचा एक संदेश पडून होता. ऑफिसच्या ॲपवरून आलेला, सगळा इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं. आजच्या आज मुदत संपते, गाडीची स्थिती कळवा, असा त्याचा अर्थ. खाली दोन बटणं. त्यानं एकही दाबलेलं नव्हतं. "मला वाटलं रिचार्जचा मेसेज हाय," तो म्हणाला. पोरगा दहावी झालेला आहे, माझ्यासमोर त्यानं पेपरमधली बातमी घडाघडा वाचली. तो अडाणी नाही. त्याच्या कामाची भाषा त्याला कुणी दिली नाही, एवढंच.

आता हिशेब बघा. दहा लाखांची सळई धरा. १८ टक्क्यांनी जीएसटी १ लाख ८० हजार. मुदत संपलेलं बिल घेऊन तो सोलापूर ओलांडताना सापडला असता, तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली गाडी आणि माल अडवता येतात, आणि मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड लागतो, म्हणजे ३ लाख ६० हजार. सुटका होईपर्यंत गाडी जागेवर उभी, आणि गाडीबरोबर तोही तिथंच.

मी त्याच्या ऑफिसला फोन लावून दिला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "तुला मेसेज टाकला होता ना?" दुपारपर्यंत नवं बिल आलं. गाडी निघाली. पुढच्या खेपेला तो भेटला तेव्हा कळलं, उशीर झाला म्हणून त्याचे दोन हजार कापले होते.

यात चूक कुणाची, हे मी स्पष्ट सांगतो. गाडी शनिवारी रात्रीपासून जागची हललेली नाही, हे ऑफिसच्या जीपीएसच्या पडद्यावर दिसत होतं. मुदत वाढवायची तर माल पाठवणाऱ्याच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या लॉगिनमधून वाढवावी लागते, ड्रायव्हरला ती वाढवताच येत नाही. म्हणजे माहिती ऑफिसकडे, अधिकार ऑफिसकडे, वेळही ऑफिसकडे. तिथल्या माणसानं एक इंग्रजी संदेश ढकलला आणि आपलं कर्तव्य संपलं असं ठरवलं. दोन हजार मात्र ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याचे गेले. याला मी पैसे खाणं म्हणतो, दुसरं काही म्हणत नाही.

रस्त्यात अडकलेल्या गाडीचं बिल संपलं म्हणजे कर चुकवायचा डाव होता असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंसुद्धा मान्य केलेलं आहे. सत्यम शिवम पेपर्स नावाच्या कंपनीचा माल २०२० च्या जानेवारीत हैदराबादेत आंदोलनामुळे रस्ता तुंबून वेळेत पोचला नाही, बिलाची मुदत संपली, आणि कर खात्यानं माल अडवून वसुली केली. तेलंगण उच्च न्यायालयानं ती वसुली रद्द केली. खातं वर गेलं, तेव्हा १२ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं खात्यालाच खर्चाच्या रकमेत आणखी ५९ हजारांची भर घालायला लावली. निकाल चांगला आहे. पण तो कंपनीला मिळाला, तोही दोन वर्षांनी. तुळजापूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला दोन वर्षं नाहीत, त्याला संध्याकाळपर्यंत माल पोचवायचा आहे.

फास्टॅगचं तेच. टॅग मालकाच्या खात्याला जोडलेला, शिल्लक संपल्याचा संदेश मालकाच्या नंबरवर, आणि तामलवाडीच्या टोलवर मागच्या गाड्यांचे हॉर्न आणि शिव्या ड्रायव्हरला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग चालला नाही तर रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट टोल, असा नियम आहे. नव्या पोरांना यातलं काही माहीत नसतं. खिशातल्या नोटा काढतात, दुप्पट भरून मोकळे होतात, आणि वरचे पैसे मालक मान्य करत नाही. फोनवरून भरले असते तर निम्म्याहून जास्त भुर्दंड वाचला असता, हे त्यांना टोलवर कोण सांगणार? ई-चलानची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असा केंद्राचा नियम आहे, पण तीही जाते गाडीच्या मालकाच्या नावावर. ड्रायव्हरला ती कळते ती हिशेबाच्या दिवशी, कापलेल्या रकमेच्या रूपात. कुठला कॅमेरा, कुठली तारीख, त्या दिवशी गाडीवर हाच होता का, हे विचारायची सोय उरलेली नसते.

मग हे शिकायचं कुठं? पूर्वी ट्रकचं शिक्षण किन्नर, म्हणजे क्लिनर, म्हणून सुरू व्हायचं. वस्तादाच्या शेजारी बसायचं, रस्से आवळायचे, ताडपत्री घालायची, टायर ठोकून बघायचे, घाटात गियर कधी पाडायचा ते कानानं शिकायचं. त्यात मारझोड होती, उपासमार होती, त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण शेजारी माणूस होता. आता एकट्यानं गाडी काढायची पद्धत पडली आहे. किन्नराचा खर्च मालकाला परवडत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा ई-चलानच्या जाचाबरोबर जड वाहनांवर क्लिनर सक्तीचा नको ही मागणीही होती. ठीक आहे, काढा किन्नर. पण किन्नराच्या जागेवर जो शिकत होता, तो आता कुठं शिकणार, याचं उत्तर त्या मागणीत नव्हतं. आणि जुना वस्ताद शेजारी असला तरी फोनच्या बाबतीत तो स्वतःच चाचपडतो. माझ्याकडे पन्नाशीचे ड्रायव्हर येतात, टायरवर पडलेला भार नजरेनं ओळखणारे, आणि पोचपावतीचा फोटो चढवायला पोराला फोन लावतात.

सरकार म्हणेल, प्रशिक्षण केंद्रं आहेत. आहेत. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त केंद्रांचे नियम लागू झाले, जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरला. त्याआधीपासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ३१ वा नियम आहेच. तो १९८९ चा. इंजिन, वाहतुकीचे नियम, आग विझवणं, प्रथमोपचार, लोकांशी नीट वागणं, सगळं त्यात आहे आणि सगळं हवंच. फास्टॅग आणि ई-वे बिल तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आज ड्रायव्हरचे सगळ्यात जास्त पैसे ज्या गोष्टींत जातात, त्यांचा धडा त्या यादीत कुठून असणार?

आणि इथं मला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला त्याच्याच शब्दाची आठवण करून द्यायची आहे. जून २०१९ मध्ये मंत्रालयानं व्यावसायिक ड्रायव्हरसाठीची आठवी पासची अट काढून टाकायचं जाहीर केलं. हरियाणातल्या मेवात भागातल्या गरीब पोरांच्या रोजगारासाठी तिथल्या सरकारनं ती मागणी केली होती, आणि देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असंही मंत्रालयानं सांगितलं. निर्णय योग्यच होता, शाळा सुटली म्हणून माणसाचा रोजगार का सुटावा? पण त्याच घोषणेत मंत्रालयानं एक वचन दिलं होतं. प्रशिक्षण असं असेल की ड्रायव्हरला खुणा वाचता येतील, प्रवासाची नोंदवही ठेवता येईल, फेरीच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी देता येतील, कागदावरचा माल आणि गाडीतला माल यांतली तफावत ओळखता येईल, धोक्याची माहिती नीट कळवता येईल. म्हणजे मी आज जे मागतो आहे, ते सरकारनं स्वतःच २०१९ मध्ये कबूल केलेलं आहे. अट काढली ती त्याच वर्षी. वचनाचं काय झालं ते माझ्या दुकानात येऊन बघा.

अट काढताना अक्षरओळख कमी असलेला माणूस गाडीवर येणार, हे सरकारला ठाऊक होतं. मग त्याच्यासाठी बोलणारं साधन हवं होतं, त्याच्या भाषेतलं. झालं उलटंच. माणूस कमी शिकलेला चालेल म्हणाले आणि काम जास्त लिखापढीचं करून ठेवलं. ड्रायव्हरांनी त्यावर आपला तोडगा काढला आहे. ते बोलून पाठवतात. "साहेब, गेटवर हाय, आत घेईनात, तीन गाड्या पुढं हायत," असा आवाज रेकॉर्ड करून टाकतात. यात जागा, वेळ, कारण, रांग, सगळं आलं. इतकी नेटकी नोंद एखादा कारकूनही करणार नाही. पण ऑफिसला ती चालत नाही. ऑफिसला बटण दाबलेलं हवं. पोचलो हे बटण गेटच्या आत गेल्याशिवाय दाबलं जात नाही, कारण ॲपमध्ये जागेची हद्द आखलेली असते. गेटबाहेर रात्रभर रांगेत उभा राहिला तरी ॲपच्या हिशेबी तो पोचलेलाच नसतो. मग हॉल्टिंगचे, म्हणजे थांबून राहिल्याचे, पैसे मिळत नाहीत. जुना ड्रायव्हर गेटवरच्या रजिस्टरची वेळ फोटो काढून ठेवतो, आपल्या गाडीचा नंबर आणि मागं कंपनीचा बोर्ड दिसेल असा. एवढी साधी गोष्ट नव्या पोराला माहीत नसते. ती समजेपर्यंत त्याचे कितीतरी हॉल्ट बुडालेले असतात.

या सगळ्याहून मला जास्त संताप कशाचा येतो, तर चालत्या गाडीवर येणाऱ्या संदेशांचा. एका पोराच्या फोनवरची एका रात्रीची यादी मी त्याच्या परवानगीनं वाचली आहे. कुठे पोचला. गाडी का थांबली. लोकेशन चालू कर. रिप्लाय दे. फोन उचल. मालक विचारतात. पुन्हा, गाडी का थांबली. रात्री अडीच वाजता तो गाडी बाजूला लावून झोपला होता, म्हणून थांबली होती. इंजिन बंद झालं की पलीकडे घंटी वाजते, आणि पलीकडचा पगारी माणूस आपली ड्यूटी म्हणून याला उठवतो. झोपलेल्याला उठवतात, आणि गाडी चालवणाऱ्याला उत्तर मागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन घेणं म्हणजे धोकादायक वाहन चालवणं. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमांत सूट आहे ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. म्हणजे उत्तर दे म्हणून चालत्या गाडीवर तगादा लावणारं ऑफिस ड्रायव्हरला गुन्हा करायला लावतं. जुना ड्रायव्हर फोन पालथा टाकतो, त्याला काढून टाकायची मालकाची हिंमत नसते. नवा पोरगा घाबरून एका हातानं टाइप करतो. ज्याचा रस्त्याचा अनुभव सगळ्यात कमी, त्याचीच नजर सगळ्यात जास्त वेळा रस्त्यावरून काढून घ्यायची, असा हा कारभार आहे.

अमेरिकेत ट्रकला उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय १९८८ पासून आहे. डिसेंबर २०१७ पासून तिथं बहुतेक ट्रकना इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. तो यंत्राला जोडलेला असतो आणि ड्रायव्हरचे तास मोजतो. सलग दहा तास विश्रांती, त्यानंतर चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी, आणि आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची सुट्टी. तिथले ड्रायव्हरही त्यावर चिडतात. घड्याळ संपत आलं की पार्किंग शोधत धावावं लागतं, हे त्यांचं दुखणं खरं आहे. पण तिथल्या नियमात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मी थांबलो. मालकानं त्या नोंदीत बदल सुचवला तर ड्रायव्हरच्या मंजुरीशिवाय तो लागत नाही. त्या यंत्राचा वापर ड्रायव्हरला छळायला करायचा नाही, असं नियमातच लिहिलं आहे. आणि तो मागच्या बर्थवर झोपलेला असताना संदेशाचा आवाज बंद करता आला पाहिजे, ही यंत्राचीच अट आहे. झोपेच्या वेळी आवाज बंद! आपल्या रात्री अडीचच्या घंटीशेजारी हे ठेवून बघा. फेब्रुवारी २०२२ पासून तिथं नवा परवाना काढणाऱ्याला ठरलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि तासांची नोंद कशी ठेवायची हा त्यातला एक विषयच आहे.

आपल्याकडे तासांचा कायदा नाही असं समजू नका. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा सांगत होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ त्याच तासांकडे बोट दाखवतं. पुढे तो जुना कायदा २०२० च्या कामगार संहितेत समाविष्ट केला गेला. कायदा साठ वर्षांचा झाला, आणि तुळजापुरात गाडीवर बसलेल्या एकाही पोरानं मला तो सांगितलेला नाही. नितीन गडकरींनी सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं की विमानाच्या पायलटसारखे ट्रकड्रायव्हरचेही तास ठरवायला हवेत, झोप ओळखणारी यंत्रं केबिनमध्ये हवीत. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तासांची नोंद अजून ड्रायव्हरच्या हातात आलेली नाही.

आणि ती आणायला नवं यंत्र लागत नाही, हेच मला ओरडून सांगायचं आहे. जीपीएस लावलेल्या प्रत्येक गाडीत इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, कुठं किती वेळ थांबलं, हे सगळं आजही साठत असतं. मालक ते डिझेलची चोरी पकडायला वाचतो. त्याच नोंदीवरून पोरगा सलग किती तास जागा आहे, हे तो वाचत नाही, कारण ते वाचलं तर त्याला गाडी थांबवावी लागेल. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी आकडेवारीत त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. त्या रकान्यात झोपलेले ड्रायव्हर किती, हे कोण सांगणार? तासांची नोंदच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात देशभर ट्रक उभे राहिले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सरकारनं ते पोटकलम थांबवून ठेवलं. अपघात करून न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, अशी ती तरतूद आहे. ती उद्या लागू झाली तर कोर्टात उभा कोण राहणार? पोरगा. त्याला किती तास चालवायला लावलं, रात्री कितीदा उठवलं, हे सिद्ध करणारा कागद कुणाकडे आहे? मालकाच्या पासवर्डमागे. म्हणून मी म्हणतो, गाडीच्या जीपीएसची रोजची नोंद ड्रायव्हरच्या फोनवरही आलीच पाहिजे. ती त्याच्या घामाची नोंद आहे, तिच्यावर त्याचा हक्क आहे.

मालकांशी माझे वाद होतात. पोरं आपोआप शिकतात, दिवसभर रील बघतात, मग मेसेज वाचायला काय झालं, असं ते म्हणतात. रील बघताना चूक झाली तर कुणी दोन हजार कापत नाही, हा एक फरक. दुसरा, आपोआप शिकणं म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक चूक एकदा करून, तिचे पैसे भरून शिकणं. हा खर्च मालकाचा धंद्याचा खर्च आहे, तो त्यानं पोराच्या घरच्या किराण्यावर टाकू नये. शिकवलं की दुसऱ्याकडे जातात, असंही म्हणतात. जाऊ द्या. दुसऱ्याकडून शिकलेला तुमच्याकडे येईल.

एका गाडीचा मालक, ज्याचा हप्ता थकला की फायनान्सवाले दारात येतात, त्याला मी या ओळीत बसवत नाही. त्यालाही हे शिकवलेलं नाही, तोही माझ्या दुकानात येतो, आणि फास्टॅगच्या केवायसीसाठी तासन् तास बसतो. माझा बोट दाखवायचा रोख आहे दहा-वीस गाड्या असलेल्यांवर, त्यांच्या संघटनांवर, माल देणाऱ्या कंपन्यांवर, आणि एमएच २५ चा परवाना देणाऱ्या धाराशिवच्या परिवहन कार्यालयावर. जड वाहनाचा परवाना देताना गाडी मागं घ्यायला लावता ना? मग एक ई-वे बिल समोर ठेवा आणि विचारा, हे कधी संपतं, गाडी बंद पडली तर कुणाला कळवशील, दुसऱ्या गाडीत माल भरला तर बिलात काय बदलावं लागतं. उत्तर आलं नाही तर शिकवा. तोंडी विचारा, मराठीत विचारा. आणि चालत्या गाडीवर संदेश जाऊच नये, गाडी थांबल्यावरच पडद्यावर दिसावा, हे ॲप बनवणाऱ्यांना अवघड नाही. गाडी चालते आहे की नाही हे त्यांच्या ॲपला सेकंदासेकंदाला कळतं, त्यावरच तर त्यांचा धंदा उभा आहे.

अश्विन पौर्णिमा येते आहे. लाखो माणसं सोलापूरहून, कर्नाटकातून चालत देवीला येतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद होईल, जड गाड्या बार्शीकडून आणि इतर रस्त्यांनी फिरवल्या जातील. त्या दिवसांत ॲपची पोचायची वेळ चुकणार, काहींच्या ई-वे बिलांची मुदत वाटेत संपणार, आणि नव्या पोरांना फोनवर शिव्या बसणार, हे सगळ्यांना आत्ताच माहीत आहे. म्हणून तुळजापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना मी जाहीरपणे सांगतो: नवरात्र बसायच्या आधी एक दुपार ठरवा. ई-वे बिल, फास्टॅग, चलान, हॉल्टिंगचा पुरावा, सगळं मराठीत एका पानावर मी छापून देतो, पैसे घेत नाही, आणि पोरांबरोबर बसून त्यांच्याच फोनवर दाखवतो. तुम्ही पोरं पाठवा, तुमच्या ऑफिसात संदेश टाकणारा माणूसही पाठवा, आणि त्या दुपारचा भत्ता कापू नका.